लेओनीची आई



आपल्याकडील ख्रिस्ती घरांतून आल्तारावर एक चित्र बहुधा आढळतेच. तपकिरी झग्यातील एक तरुण धर्मभगिनी, हाती क्रूस आणि क्रूसावर गुलाबांची रास. भिंतींना रंग देताना ते चित्र खाली उतरते आणि रंग वाळला की पुन्हा जागेवर जाते. बाकीची चित्रे बदलतात, ते बदलत नाही. बाळ येशूची संत तेरेजा. कोणी तिला 'लिटल फ्लॉवर' म्हणतात, कोणी 'छोटे फूल'. १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून जाहीर केले. त्या मानात तिचा जोडीदार आहे आपल्या जुन्या गोव्यात ज्याचा देह विसावला आहे तो संत फ्रान्सिस झेवियर. एकाने समुद्र पालथे घातले, तर दुसरी मठाच्या भिंतीआडच राहिली, आणि तरीही दोघांना एकच मान मिळाला.

परंतु आज मला लिहावयाचे आहे ते तिच्या आईविषयी. आणि त्यातही तेरेजाची आई म्हणून जी सर्वांस ठाऊक आहे, तिच्याविषयी फारसे नाही. त्याच माउलीची आणखी एक मुलगी होती. तिचे नाव लेओनी.

हा विषय मला सुचला तो गेल्या वर्षी. २७ ऑगस्टला संत मोनिकेचा सण होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता, भात लावून झाले होते, आणि त्यामुळे सकाळच्या मिस्साला आया-बाया बऱ्याच आल्या होत्या. मी मोनिकेवर प्रवचन केले. बहकलेल्या पुत्रासाठी तिने ढाळलेले अश्रू, तिची चिकाटी, आणि शेवटी ३८७ साली ऑगस्टिनचा झालेला बाप्तिस्मा, हे सर्व मी सांगितले. प्रवचन बरे झाले असे माझे मला वाटले. मिस्सा आटोपून मी पडवीत आलो, तो एक वृद्ध माता पाऊस थांबण्याची वाट पाहत बाकावर बसली होती. तिचा धाकटा मुलगा शहरात असतो. तीन वर्षांत तो सणालाही गावी आलेला नाही. चर्चची पायरी त्याने केव्हाच सोडली. सून घरात आल्यापासून हे सुरू झाले असे तिचे म्हणणे आहे, व ते ती सर्वांस सांगत असते.

ती म्हणाली, "फादर, मोनिकेचा पोरगा बिशप झाला. ह्या छोट्या फुलाच्या आईच्या पाचही पोरी सिस्टर झाल्या. तुम्ही ज्या आयांच्या गोष्टी सांगता, त्यांची पोरं शेवटी चांगलीच निघतात बघा. मग आमच्यासारखीनं काय करायचं?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. आम्हा प्रवचनकारांना एक खोड असते. गोष्टीचा शेवट आम्हांस आधीच ठाऊक असतो, म्हणून मधली वर्षे आम्ही दोन वाक्यांत ओलांडतो. ऐकणाऱ्या बाईला मात्र त्या मधल्या वर्षांतच राहावयाचे असते. मी तिला म्हटले, "पुढच्या आठवड्यात या, मग बोलू." दुसरा दिवस २८ ऑगस्टचा होता. त्याच तारखेस १८७७ साली तेरेजाची आई देवाघरी गेली. त्या निमित्ताने मी तिच्या पत्रांचे पुस्तक काढून बसलो. दोनशेहून अधिक पत्रे आहेत. भावाला, भावजयीला आणि दूर शाळेत शिकणाऱ्या मुलीला एका प्रापंचिक स्त्रीने वेळात वेळ काढून लिहिलेली ती घरगुती पत्रे आहेत. त्यांत मुलांची आजारपणे आहेत, येणी-देणी आहेत, मोलकरणीच्या तक्रारी आहेत, थोडी चेष्टाही आहे.

आलांसों हे फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातले एक लहान शहर. त्या शहराजवळच्या एका खेड्यात २३ डिसेंबर १८३१ रोजी झेली गेरँ हिचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले, नंतर पोलीसदलात नोकरी केलेले. आई धर्मनिष्ठ होती, पण मायेचा शब्द तिच्या तोंडी क्वचितच येई. आपल्याला लहानपणी एक साधी बाहुलीही कधी मिळाली नाही, हे झेलीने मोठेपणी भावाला लिहिले. ही लहानशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्या मुलीला आईची ऊब मिळाली नाही, तिने पुढे आपल्या मुलींना ती भरभरून दिली. आणि एकीच्या बाबतीत ती देणे जमत नाही हे पाहून तिचा जीव तुटला.

तरुणपणी झेलीला धर्मभगिनी व्हावयाचे होते. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या भगिनींच्या मठात ती गेली, परंतु तेथील प्रमुख भगिनींनी तिला घेतले नाही. तिची थोरली बहीण मात्र पुढे ल मां येथील व्हिजिटेशन संघाच्या मठात गेली. मग झेलीने लेसचे काम शिकून घेतले आणि १८५३ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, स्वतःचा धंदा सुरू केला.

आलांसोंची लेस म्हणजे काय, हे आपल्या भगिनींना चटकन कळेल, कारण आल्तारच्या चादरीला क्रोशाची किनार लावण्याचे कष्ट त्या जाणतात. आलांसोंची लेस मात्र निव्वळ सुईने विणतात. कातड्याच्या पातळ तुकड्यावर नक्षी टोचून घ्यावयाची आणि तिच्यावर अतिशय बारीक धाग्याने एकेक टाका घालीत जावयाचे. एक चौरस सेंटिमीटर लेस पुरी होण्यास सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने ही कला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. झेलीच्या हाताखालच्या बायका आपापल्या घरी एकेक तुकडा विणीत आणि दर गुरुवारी तिच्याकडे आणून देत. ते तुकडे जोड दिसू न देता एकमेकांस शिवणे हे सर्वांत कठीण काम, आणि ते झेली स्वतः करी. गिऱ्हाइकाची मुदत जवळ आली की रात्री अकरापर्यंत दिवा जळे. पहाटे साडेपाचच्या मिस्साला ती पुन्हा चर्चमध्ये हजर असे. ह्या मेल्या लेसपायी आपले आयुष्य खडतर झाले आहे अशी कुरकुर तिच्या पत्रांतून येते. संतांनी कुरकुर केलेली वाचून मला तरी बरे वाटते.

१३ जुलै १८५८ च्या मध्यरात्री, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, आलांसोंच्या नोत्र-दाम चर्चमध्ये तिचा विवाह लुई मार्टिन या घड्याळजीशी झाला. तोही तरुणपणी मठाच्या दारापर्यंत जाऊन, लॅटिन येत नाही म्हणून परत आलेला. दोघेही संन्यासाची ओढ घेऊन संसारात आलेले. प्रारंभी काही महिने त्यांनी बहीण-भावाप्रमाणे राहण्याचे ठरविले होते. पुढे एका धर्मगुरूंच्या सल्ल्याने त्यांनी संसाराचे पाचारण पूर्णपणे पत्करले. लुई रविवारी दुकान उघडीत नसे. मित्रांनी सांगितले, निदान बाजूचे दार तरी उघडे ठेव, बाजारासाठी आलेले खेडूत रविवारीच खरेदी करतात. त्याने ऐकले नाही. १८७० साली त्याने घड्याळांचे दुकान भाच्याच्या स्वाधीन केले आणि बायकोच्या धंद्याचे हिशेब व मागण्यांसाठी करावयाचा प्रवास आपल्याकडे घेतला. त्या काळच्या पुरुषाने हे करावे याचे मला नवल वाटते. आपल्याकडील किती पुरुष आज हे करतील?

त्यांना नऊ अपत्ये झाली. सात मुली आणि दोन मुलगे. दोन्ही मुलांची नावे योसेफ. दोघेही वर्षाच्या आत गेले. दुसरा योसेफ १८६८ च्या ऑगस्टमध्ये गेला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी झेलीचे वडील गेले. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची हेलेन गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोन महिन्यांचीही न झालेली एक तान्ही, दूध पाजण्यासाठी ठेवलेल्या दाईच्या हलगर्जीमुळे. पुढच्या जानेवारीत प्रशियाचे सैन्य शहरात शिरले आणि नऊ शिपाई त्यांच्या घरात उतरविण्यात आले. लोक तिला म्हणत, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. हे बोलणे तिला मुळीच सहन होत नसे. मुले हरवलेली नाहीत, त्यांची भेट वर होईल, असे तिने भावजयीला लिहिले आहे.

१८७३ च्या २ जानेवारीस शेवटची मुलगी जन्मली, तीच तेरेजा. मार्चपर्यंत तीही जाण्याच्या बेतात आली. आईला दूध नव्हते. वैद्याने सांगितले, अंगावर पाजणारी दाई मिळाली तरच काही आशा. लुई त्या दिवशी परगावी होता. झेली एकटीच पहाटे पायी निघाली आणि दोन कोसांवरच्या सेमाल्ये या खेड्यातून ओळखीच्या एका शेतकरणीला घेऊन आली. त्या बाईने मुलीकडे पाहिले आणि आता काही उपयोग नाही अशा अर्थाने मान हलविली. झेली माडीवर जाऊन संत योसेफाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून रडली. खाली येते तो मूल दूध पीत होते. मग एकाएकी ते निपचित पडले, आणि सर्वांनी आशा सोडल्यावर डोळे उघडून हसले. पुढचे वर्षभर तेरेजा त्या शेतकरणीच्या घरी, गाई-गुरांत वाढली.

ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. मला आता तिच्या दहा वर्षे थोरल्या बहिणीकडे वळावयाचे आहे.

लेओनी ही तिसरी मुलगी. तिचा जन्म ३ जून १८६३ चा. पहिल्या दोघी, मारी आणि पोलीन, हुशार आणि शहाण्या. लेओनी जन्मापासून अशक्त. डांग्या खोकला, गोवर, आकडी, एकामागून एक सर्व तिने सोसले. एकदा तर बाप तिच्यासाठी सेए येथील मारियामातेच्या देवळापर्यंत नवस बोलून पायी गेला. आईने मठातील आपल्या बहिणीला नोव्हेना करण्यास सांगितले आणि मागणे असे मागितले, की ही मुलगी पुढे मोठी होऊन संत व्हावयाची असेल तर तिला बरे कर. लेओनी जगली. परंतु ती वाढू लागली तशी सर्वांना कोड्यात टाकू लागली. अभ्यास डोक्यात शिरेना. एका जागी बसेना. सांगितलेले ऐकेना. बहिणी खेळत असताना ही वेगळीच कोठेतरी. ल मांच्या मठातील शाळेत मावशी शिकवीत होती. तेथे तिला दोन वेळा ठेवून पाहिले, दोन्ही वेळा परत पाठविण्यात आले. दुसऱ्यांदा, १८७४ साली, ती परत आली तेव्हा आईचा धीर सुटला. ह्या मुलीचे काय करावे हे आपल्याला कळत नाही, आता देवाने चमत्कार केला तरच, अशा अर्थाचे ती भावजयीला लिहिते. तिने रागावून पाहिले. समजावून पाहिले. प्रेमाने जवळ घेऊन पाहिले. मुलगी आईपासून पळे.

सेमिनरीत असताना मी तेरेजाचे चरित्र वाचले होते. त्यातील लेओनी माझ्या लक्षातही राहिली नव्हती, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

घरात एक मोलकरीण होती. सोळा-सतरा वर्षांची असताना आलेली, अकरा वर्षे घरात राहिलेली. कामाला वाघीण, मालकिणीवर जीव. एकदा ती सांधेदुखीच्या तापाने अंथरुणास खिळली, तेव्हा झेलीने तीन आठवडे रात्रंदिवस तिची शुश्रूषा केली होती. घरातले सर्व व्यवहार तिच्या हातावर चालत. लेओनी कोणाचेच ऐकत नसे, परंतु मोलकरणीने नुसते पाहिले तरी गप्प होई, तिच्या मागे मागे सावलीसारखी फिरे. झेलीला याचे नवल वाटे. थोडे बरेही वाटत असावे, की कोणाचे तरी ही ऐकते. खाली ओटीवर लेस विकत घेणारे लोक, गुरुवारच्या बायका, आजारी मुले, पॅरिसची पत्रे. त्या गडबडीत तिने अधिक चौकशी केली नाही.

१८७७ साल उजाडले तेव्हा झेली स्वतः मरणाच्या वाटेवर होती. छातीतील गाठीची तक्रार तिने १८६५ सालीच भावाला कळविली होती, परंतु त्यानंतर काही केले गेले नाही. १८७६ च्या अखेरीस वैद्यांनी कर्करोग असल्याचे सांगितले; नाताळच्या तोंडावर भावाच्या गावी एका शस्त्रवैद्याने तपासून आता उशीर झाला असे सांगितले. ही बातमी तिने घरी लपविली नाही. लुईने मासे धरण्याचे गळ माळ्यावर नेऊन ठेवले. तिकडे ल मांच्या मठात तिची बहीणही क्षयाने अखेरच्या घटका मोजीत होती. घरातील सर्वांनी तिला निरोपाची पत्रे लिहिली. लेओनीनेही लिहिले, आणि कोणाला न दाखविता लिहिले. स्वर्गात गेल्यावर देवाजवळ माझे मन पालटण्याची कृपा माग, आणि मला खरी धर्मभगिनी होण्याचे पाचारण मिळवून दे, एवढाच त्याचा मतलब. थोरली बहीण मारी म्हणाली, 'खरी' कशाला, नुसते धर्मभगिनी लिही. लेओनीने तो शब्द खोडू दिला नाही. पत्र वाचून आईला आश्चर्याचा धक्का बसला. ही गोष्ट मुलीच्या मनात कोणी घातली? मुलीच्या आत काय चालले आहे हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले.

मावशी २४ फेब्रुवारीस वारली. पुढच्या पंधरा-वीस दिवसांतच मारीने मोलकरणीचे काही बोलणे ऐकले, आणि अनेक वर्षे दडलेली गोष्ट उघडकीस आली. ती मोलकरीण लेओनीला धाकात ठेवीत होती. आईकडे जाण्यास बंदी, बोलण्यास बंदी, न ऐकल्यास मार. मुलीने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता, कारण शब्द काढल्यास काय होईल हे तिला सांगून ठेवले होते. मोलकरणीचे म्हणणे असे, की मालकिणीला एवढा व्याप, एवढे दुखणे; ह्या हट्टी पोरीला वळण लावून मी त्यांचा भार हलका करीत होते. ती खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. तिला खरोखरच तसे वाटत असावे.

वाचकहो, ह्या जागी आपण थोडे थांबू. ही अशी स्त्री, की जिने घरात एकही प्रार्थना चुकविली नाही, भिकाऱ्याला कधी दारातून परत पाठविले नाही, चार मुलांना मूठमाती देऊन देवाला दोष दिला नाही. आणि तिच्याच घरात, तिच्याच छपराखाली, तिचीच मुलगी वर्षानुवर्षे भयाने गप्प होती, व ज्याला ती मुलीचा स्वभाव समजत होती ते पुष्कळसे ह्या भयाचे फळ होते. जवळ मरण उभे असताना हे कळावे. एखादीने ते मानले नसते. पोरगीच खोटी, मुळातलीच वाईट, असे म्हणून वेळ मारून नेली असती. एखादीने मोलकरणीला त्याच पावली घराबाहेर काढून सर्व पाप तिच्या माथी मारले असते.

झेलीने पहिली गोष्ट केली ती अशी, की मुलीला जवळ घेतले. मोलकरणीला तिने निघून जाण्यास सांगितले. तिने पुष्कळ रडून विनवण्या केल्या, तेव्हा काही दिवस राहण्यास परवानगी दिली, परंतु लेओनीशी एक शब्दही बोलावयाचा नाही ह्या अटीवर. दुखणे वाढत गेले, आणि ती मोलकरीण शेवटपर्यंत तिच्या उशाशी राहिली. मुलीला लिहिलेल्या पत्रात झेलीने स्वच्छ म्हटले आहे, की दांडगाईने आजवर कोणाचे मन पालटलेले नाही. तिने फक्त गुलाम तयार होतात. राग तिला आला होता. पत्रांत तो दिसतो. परंतु रागाचा दिवस तिने लांबविला नाही, कारण आता दिवसच थोडे उरले होते.

लेओनी तेव्हा चौदाव्या वर्षात होती. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले वासरू सुटावे तशी ती आईकडे धावली. आई जाईल तेथे ती. आई शिवावयास बसली की हिचा स्टूल शेजारी. आई तिला रोज थोडा वेळ वेगळा देऊ लागली. तिच्याबरोबर प्रार्थना म्हणू लागली, लहानसहान त्याग करण्याची गोडी लावू लागली. आणि आता आईचे मन पालटले. तोपर्यंत तिने मरणाला विशेष विरोध केला नव्हता. मुली मोठ्या झाल्या आहेत, भाऊ-भावजय आहेत, लुई आहे. आता मात्र तिला जगावेसे वाटू लागले, आणि ते एका लेओनीसाठी. बाकीच्यांचे कसेही होईल, हिला माझ्याशिवाय कोण समजून घेईल, असा तिच्या त्या दिवसांतील पत्रांचा सूर आहे.

त्याच इच्छेने ती जूनमध्ये लूर्दला गेली. बरोबर मारी, पोलीन आणि लेओनी. प्रवास सर्वच बाजूंनी वाईट झाला. गाडीत सहप्रवाशांची कॉफी सांडून कपडे भिजले, बहिणीची आठवण म्हणून जपलेली जपमाळ हरवली, पाय घसरून मान दुखावली. बर्फासारख्या पाण्याच्या कुंडात तिने चार वेळा स्नान केले. गाठ होती तशीच राहिली. परतीच्या वाटेवर पोलीन चेहरा पाडून बसली होती, आणि आई गात होती. मारियामातेने बेर्नादेतला ह्या जगातले सुख देण्याचे वचन दिले नव्हते, पुढच्या जगातले दिले होते, ह्याची तिने मुलींना आठवण करून दिली. स्टेशनवर वाट पाहत असलेल्या नवऱ्याने तिला हसत उतरताना पाहिले.

जुलैपर्यंत ती लेस शिवीत होती. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी नवऱ्याच्या आधाराने ती मिस्साला गेली. पावलापावलाला थांबावे लागत होते. २६ ऑगस्टला तिला अंत्याभ्यंग देण्यात आला. त्यावेळी पाचही मुली खोलीत वयाच्या क्रमाने गुडघे टेकून होत्या. २८ ऑगस्टच्या रात्री साडेबाराच्या सुमारास, पंचेचाळिसाव्या वर्षी तिने देह ठेवला. मार्चच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, लेओनीच्या वाट्यास आई आली ती साडेपाच महिने.

पुढचे झेलीने पाहिले नाही. आणि पुढचे सरळही झाले नाही. लुई मुलींना घेऊन लिझ्यूला, मेहुण्याच्या गावी राहावयास गेला. पोलीन, मारी, तेरेजा, सेलीन एकामागून एक कार्मेल मठात गेल्या. लेओनी १८८६ साली गरीब क्लारांच्या मठात गेली आणि दोन महिन्यांत परत आली. १८८७ साली काँ येथील व्हिजिटेशन मठात गेली. सहा महिन्यांत परत. १८९३ मध्ये पुन्हा तेथेच गेली. दोन वर्षे राहून पुन्हा परत. लोक काय बोलले असतील याची आपल्याला गावात राहून कल्पना आहे. तेरेजाने तिला अखेरपर्यंत पत्रे लिहून धीर दिला. तेरेजा १८९७ साली गेली. १८९९ च्या जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी, लेओनी चौथ्यांदा मठात शिरली ती मात्र राहिली. धाकट्या बहिणीचे नाव तिने आपल्या नावात घेतले. स्वयंपाकघर, कपडे, सांगितलेले कोणतेही काम. १९२५ साली रोममध्ये तेरेजा संतपदावर चढविली गेली तेव्हा ही तिची बहीण काँच्या मठात आपले नेहमीचे काम करीत होती. १९४१ च्या जूनमध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी ती वारली.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली यांना एकत्रच संत म्हणून घोषित केले. पती-पत्नीच्या जोडीला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षाच्या जुलैत तेथील बिशपांनी लेओनीच्या संतपदाची चौकशी सुरू केली होती. तान्ह्या, आजारी मुलीसाठी आईने काय मागितले होते, ते वाचकांना आठवत असेल.

असो. आठवड्याने ती वृद्ध माता सांगितल्याप्रमाणे आली. मी तिला हे सर्व, येथे लिहिले आहे त्याहून साध्या शब्दांत सांगितले. पोरींच्या सिस्टर होण्याविषयी तिने काही विचारले नाही. लूर्दला गाठ बरी झाली नाही हे ऐकून ती थोडी चुकचुकली. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "त्या मोलकरणीला घालवलं नाही म्हणता?"

"नाही. शेवटपर्यंत घरातच होती."

"हातचं पाणी घेतलं तिच्या?"

"घेतले असेल. तीच उशाशी होती."

ती पुन्हा गप्प झाली. पावसाचा जोर कमी झाला होता. पदराच्या गाठीतून तिने पैसे काढले आणि धाकट्याच्या नावाने एक मिस्सा लावावयास सांगितले. दरवर्षी ती लावतेच. मी वही उघडून नाव लिहिले. ती उठली, दारापर्यंत गेली, छत्री उघडली, आणि तेथूनच म्हणाली, "फादर, सुनेचंबी नाव घाला त्यात."

मला तिच्या सुनेचे नाव ठाऊक नव्हते. तिलाही ते आठवण्यास क्षणभर लागले.